धुराड्याचं तोंड

ओवे गावच्या मालूला कशाकशाची भीती वाटते हे विचारू नये, बसल्या जागी दिवस मावळेल. कशाची वाटत नाही ते विचारावं, उत्तर लगेच मिळतं. पालीची वाटते. लिफ्टची वाटते. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून गप्प होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसते आणि मग दिवसभर कोणाचा असेल म्हणून घाबरते. "मालूच्या घरात भीतीच्या नावाचं रेशन कार्ड हाय," असं शेजारणी म्हणतात. मालूही त्यांच्याबरोबर हसते, पण हसताना तिचा एक डोळा गॅसच्या नळीवर असतो.

आणि अशा बाईचा धंदा काय, तर चुली घालण्याचा. खारघरचे टॉवर गावाच्या अंगावर आले, शेतं गेली, मिठागरं गेली, पण हायवेला 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या लागल्या आणि मालूचे दिवस बरे आले. ढाबेवाल्यांना मातीच्या चुली लागतात. तळ्याची माती, भाताचं तूस, शेण असं तुडवून ती चूल घालते, आणि तिच्या चुलीला तडा जात नाही असं तिचं नाव आहे. मात्र लहानपणी काकूचा पदर चुलीशी पेटलेला तिने पाहिला होता. काकू वाचली नाही. तेव्हापासून आगीशी मालूचं नातं खाष्ट सासूशी असावं तसं झालं. रोज तोंड बघायचं, पण पाठ फिरवायची नाही.

नवरा गेल्यावर मालूला एक मुलगी तेवढी उरली, दिपिका. पनवेलच्या एका बेकरीत ती काउंटरवर होती. मग जासईच्या हृतिकशी तिचं लग्न झालं. हृतिक तिथल्या एका यार्डात कंटेनर दुरुस्त करतो, वेल्डिंग, पत्राकाम, जे पडेल ते. हाताला कला आहे आणि डोक्याला स्वस्थता नाही. दिपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तिथून ही गोष्ट सुरू होते.

बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा, खिडक्या बंद, बाळंतिणीच्या कानाला फडकं. मालूला तिच्या आईने असंच शेकलं होतं. तिनेही कोळसा आणून ठेवला होता. एक दिवस आरोग्यकेंद्राची आशाताई दिपिकाला तपासायला घरी आली आणि तिने कोळशाचं पोतं बघितलं.

"शेगडी अजिबात नाही हां, मावशी. बंद खोलीत निखाऱ्यातून वायू निघतो. त्याला धूर नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच जातं."

मालूच्या तोंडचं पाणी पळालं. "धूर नाय, वास नाय, मंग कलायचा कसा?"

"कळत नाही, म्हणून तर सांगते."

त्या रात्रीपासून मालूची झोप गेली. शेक दिला नाही तर पोरीची कंबर जन्माची दुखणार, बाळाला थंडी बाधणार. दिला तर तो बिनवासाचा वायू. इकडे आड, तिकडे विहीर. ती हृतिकला म्हणाली, "जावई, तुमी शिकलेले हाव, तुमीच सांगा आता काय करायचा."

असं कोणी विचारायचीच हृतिक वाट बघत असतो. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ काढून दाखवला. थंड देशातले लोक घरात मातीचा लांब ओटा बांधतात, त्याच्या पोटातून धूर फिरवतात आणि त्या गरम ओट्यावर बसतात, झोपतात. धूर धुराड्यातून बाहेर, ऊब तेवढी आत. "रॉकेट हीटर म्हणतात याला, मामी."

"रॉकेट?" मालू दोन पावलं मागे सरली. "घरान?"

पण धूर बाहेर जातो हे तिला पटलं. मागची स्लॅबची खोली दिपिकासाठी ठेवलेली होती, तिथे दिवाळीच्या सुट्टीत कामाला सुरुवात झाली. हृतिकने विटांचा आडवा बोगदा रचला. एका टोकाला लाकडं उभी खोचायचं तोंड, दुसऱ्या टोकाला विटांचा उभा नळ. नळावर पत्र्याचं पिंप उपडं घातलं. ज्वाळ नळातून वर चढायची, पिंपाच्या बुडावर आपटून खाली यायची आणि ओट्यातल्या पाइपात शिरायची. पाइप ओट्याच्या लांबीभर फिरून भिंतीपलीकडे निघत होता आणि बाहेर धुराडं होऊन माणसाच्या डोक्याच्या थोडं वर जात होता. ओट्याची माती सगळी मालूच्या हातची.

भ्यायला तिने काही शिल्लक ठेवलं नाही. पिंप यार्डातून आलं तेव्हा आत काय भरलं होतं ते विचारलं, खायचं तेल होतं असं हृतिकने सांगितल्यावरही तिने ते अंगणात पेटवून लाल करायला लावलं आणि राखेने घासलं. पहिल्यांदा आग पेटली तेव्हा बोगद्यातून घूंऽ असा आवाज आला, तर ती घमेलंभर पाणी घेऊन दारात उभी. पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून फिरवून धूर कुठे वेडावाकडा ओढला जातो का ते तिने पाहिलं. कुठे नाही. संध्याकाळी ओट्याला हात लावला तर तो अंगासारखा कोमट लागला. मालूने देवापुढे नारळ फोडला.

पौषात दिपिकाला मुलगी झाली. वजनाला कमी. डॉक्टरांनी सांगितलं, छातीशी धरा, ऊब द्या, काळजी नको. पण काळजी नको असं म्हटल्याने जिची काळजी जाते ती बाई मालू नव्हे. ती दिवसातून किती वेळा तरी गोधडीखाली हात घालून ओट्याची ऊब बघायची आणि मग पोरीच्या तळपायाला हात लावायची. ओटा गरम होता, पाय गरम होते, पोर दूध पीत होती. सगळं इतकं सरळ चाललं होतं की मालूला त्याचीच धास्ती वाटायला लागली.

आणि तेव्हाच हृतिकच्या डोक्यात भट्टी शिरली.

खरं तर ती दिपिकाच्या डोक्यातली. बेकरीत असताना ती बिस्किटं विकायची, भट्टीपाशी तिला कोणी जाऊ दिलं नाही. आपली एक भट्टी असावी, घरून केक, नानखटाई द्यावी, हे तिच्या मनात होतं. हृतिक म्हणाला, पिंपाच्या डोक्यावर एवढी आग आपटते ती फुकट जाते. तिथे एक लहान पिंप आडवं बसवू, त्याला दार लावू, भोवती विटांचं कवच करू. आग आधी त्या डब्याला वेढा घालेल आणि मग खाली ओट्यात जाईल. बारशाला घरची नानखटाई वाटू.

"चाललाय त्याला हात कशाला लावताव?" मालू म्हणाली.

"आये, तू पिंपाला घाबरलीस, बोगद्याला घाबरलीस. काय झाला काय?" दिपिका हसत म्हणाली. "कायम घाबरतेस तू."

मालू माती भिजवायला गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून लोक आपल्याला हसणार हे तिला ठाऊक होतं. बाळाला पुढच्या खोलीत नेलं, हृतिकने एका रविवारी भट्टी बसवली, मालूने सगळे सांधे स्वतः लिंपले आणि माती वाळू दिली. पुन्हा उदबत्ती फिरवली. एकही सांधा गळत नव्हता. हृतिकचं काम चोख होतं, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे.

बारशाच्या आधी एकदा करून बघू म्हणून दिपिकाने एका सकाळी पीठ मळलं. हृतिक यार्डात गेला होता. मालूने भट्टी पेटवली, तबक आत सरकवलं, आणि थोड्या वेळाने घरभर तुपाचा असा वास सुटला की शेजारची पोरं दाराशी येऊन उभी राहिली. नानखटाई झकास फुगली. दिपिकाने एक मोडून आईच्या तोंडात घातली. त्या वेळी ती इतकी खूष होती की मालूलाही वाटलं, आपण उगाच जीव खालीवर करतो.

मग दिपिका बाळाला घेऊन ओट्यावर आडवी झाली आणि मालूने सवयीने गोधडीखाली हात घातला. ओटा गार होता. गार म्हणजे अगदी दगड नव्हे, पण रोजची ऊब नव्हती. आग आता आधी भट्टीला तापवत होती, ओट्याच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं. मालूने लगेच पोरीच्या पायाला हात लावला. तिला पाय थंड वाटले. आणखी लाकडं घालावीत, तर नवे सांधे तडकतील ही भीती. नाही घालावीत, तर पोर गारठेल ही भीती. लाकडं जळून आत नुसते लालभडक निखारे उरले होते.

ती बाहेर धुराड्यापाशी गेली. पालथ्या बादलीवर चढून वर हात धरला. ऊन ऊन हवा हाताला लागली. एवढी ऊब वाऱ्यावर चाललीय आणि आत नात गार ओट्यावर निजलीय!

आता इथे मालूने जे केलं ते आमच्या भागातल्या कोणत्याही बाईने केलं असतं. थंडीत आम्ही पोपटी लावतो. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने गच्च बुजवायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. तोंड नीट बुजलं नसेल तर वाफ निघून जाते आणि वाल कच्चे राहतात. उष्णता धरायची तर तोंड बंद करावं, हे मालूला अ आ शिकायच्या आधी ठाऊक झालेलं. कुंपणाला भांबुर्डा होताच. तिने पाल्याचा बोळा केला, धुराड्याच्या तोंडात कोंबला आणि वरून ओल्या मातीचा थापा दिला. लाकडं घालायचं तोंड मात्र तिने उघडंच ठेवलं, निखारे गुदमरून विझू नयेत म्हणून.

एवढं करून ती आत येऊन उभी राहिली. भित्री होती ना, तपासल्याशिवाय कशी जाईल? तिने धूर बघितला. नव्हता, लाकडं जळून गेलेली होती, निखाऱ्यांना कुठला धूर. वास घेतला. नानखटाईचा. आशाताईची शेगडी तिला आठवलीसुद्धा, पण ती शेगडी बाजेखाली असते, इथे तर ओटा होता. खिडक्या बंद होत्या. वारा लागू नये म्हणून तिने दार ओढून घेतलं आणि ढाब्याच्या चुलीला माती लावायला अंगणात जाऊन बसली.

आत निखाऱ्यांचा वायू धुराड्याकडे गेला आणि वाट बंद बघून मागे फिरला. लाकडं घालायच्या तोंडातून तो खोलीत येत राहिला.

मालूचं काम छान चाललं होतं. पोर एरवी या वेळेला भुकेने रडायची. आज गप्प होती. ऊब लागली म्हणून झोपली, मालू मनात म्हणाली, आणि स्वतःवरच खूष झाली. चुलीचा, भांडं टेकवायचा एक कान झाला. दुसरा झाला. आतून काहीच आवाज नाही. दिपिकाचा खोकला नाही, मोबाइल नाही. मालूचा मातीतला हात थांबला. एवढा वेळ ही पोर कधी भुकेली राहिली नव्हती. उठवू नये असं एकदा वाटलं, झोपू दे. पण मग ती हात न धुताच धावली.

दार उघडलं. खोली छान ऊबदार होती. दिपिका कुशीवर पडली होती, उशी ओकारीने भिजली होती, डोळे अर्धवट उघडे. "आये," ती जड जिभेने म्हणाली, "डोका... उठवत नाय." बाळ तिच्या हाताशी होतं. गाल गुलाबी, अगदी निरोगी दिसत होते. मालूने तिला उचललं तर मान एका बाजूला पडली.

मालू कशी ओरडली ते ओवे गावाने ऐकलं. ती बाळ घेऊन अंगणात धावली, कोणाच्या तरी हातात ते दिलं, परत आत गेली आणि लेकीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. कोणी रिक्षा आणली, कोणी हृतिकला फोन केला. रिक्षात मालू मातीच्या हातांनी नातीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. छाती हलतेय की रिक्षा हलतेय हे तिला कळत नव्हतं.

हॉस्पिटलात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाहेर येऊन विचारू लागले, खोलीत शेगडी होती का? तोवर हृतिक पोचला होता. तो म्हणाला, "शेगडी नाय. मी भट्टी बसवली होती. सांधा लीक झाला असणार. माझ्याच हातानी केला मी हे."

मालूने तोंड उघडलं. आणि मिटलं. आता बोलले तर ही पोर माझ्या हातात पुन्हा कोणी देणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं. एरवी लिफ्टला घाबरणारी बाई त्या वेळी खऱ्याला घाबरली.

हृतिकची आई दमयंती जासईहून आली. तिने सगळ्यांसमोर लेकाला फैलावर घेतलं. "रॉकेट बनवतोस? आपल्या पोरीच्या जिवाशी खेल करतोस?" तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या सकाळी बाळ रडलं, दूध मागितलं, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. धोका टळला, पण तपासणीला आणत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिपिकाचे कपडे आणायला म्हणून मालू घरी आली आणि आधी मागच्या बाजूला गेली. बादलीवर चढली. बोळा उपसला आणि गटारात टाकला.

दोघींना घरी आणलं त्या दिवशी हृतिकने पुन्हा भट्टी पेटवली, खोलीची दारं-खिडक्या सताड उघडून. उदबत्ती घेऊन तो एकेका सांध्यापाशी गुडघ्यावर बसत होता. गळती सापडेना. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा सापडली नाही. शेवटी भट्टी विझल्यावर त्याने घण उचलला आणि ती फोडली, मग पिंप, मग ओटा. मालू पुढच्या खोलीत घणाचा एकेक घाव ऐकत होती. तिच्या हातची माती ढेकळं होऊन पडत होती, आणि तिला ते बरंच वाटत होतं. आता काही पुरावा नाही.

तो घामाने निथळत बाहेर आला. दमयंती सामान बांधत होती, सुनेला आणि नातीला जासईला न्यायचं तिने ठरवलं होतं. दिपिका त्याला म्हणाली, "बालाला घे जरा, मी साडी नेसते."

हृतिक मागे सरकला. "नको. मामीकडे दे."

"हात धुवून घे ना."

"हाताला काय लागलाय म्हणून नाय." तो आपल्या पंजांकडे बघत राहिला. "मना भीती वाटते. सांधा चांगला दिसत होता गं. त्यातली खोट मना दिसली नाय तर मी काय धरनार तिला?" त्याने यार्डातलं वेल्डिंग सोडायचं ठरवलंय, हेही तो त्याच दमात बोलून गेला.

बाळ मालूच्या हातात आलं. ऊन, जड, दुधाचा वास येणारं. ती जन्मभर घाबरत आली होती, आणि घाबरलेलं माणूस कसं दिसतं हे तिने आज पहिल्यांदा समोरून पाहिलं. हे भय त्याचं नव्हतं. तिने ते त्याच्या गळ्यात घातलं होतं.

"सांधा नव्हता फुटला," मालू म्हणाली.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "विहीणबाय, तुमच्या लेकाचा काय चुकला नाय. धुराड्याचा तोंड मी बुजवला. पोपटीला बुजवतो तसा. ओटा गार लागला म्हनून. आनि नंतर मीच तो पाल्याचा बोला काढून गटारान टाकला."

दमयंतीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. हृतिक भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. मालू त्याच्यापाशी गेली. तिने त्याचे हात तोंडावरून काढले आणि नात त्यांत ठेवली.

"धरा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला खोट नाय."

त्याने धरली. दमयंतीने पिशवीची गाठ मारली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मालूला सोपं गेलं असतं. रिक्षा आली, सामान चढलं, हृतिक बाळाला घेऊन आत बसला. दिपिका सगळ्यात शेवटी निघाली. आईकडे न बघता तिने चपला घातल्या.

"दिपे," मालू दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "बारशाला मी येऊ ना?"

दिपिका थांबली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मग तिने पहिल्यांदा आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, अगदी मालूसारखी.

"ये," ती म्हणाली. "पन बालाला उचलायच्या आधी मना विचार."

मालू हो म्हणाली.